कोटाबाहेरची मुंबई: पाडलेल्या तटाच्या कडेने तीन तास

फोर्टमध्ये रविवारी सकाळी निघणाऱ्या बहुतेक वारसाफेऱ्या इमारतींच्या असतात. ही बघा कमान, हे बघा नक्षीकाम, चला पुढे. 'कोटाबाहेरची मुंबई' या फेरीचा विषय वेगळा आहे. मुंबईच्या कोटाला, म्हणजे आजच्या फोर्ट भागाला, तट होता, तो १८६० च्या दशकात पाडला आणि शहर बाहेर पडलं. ते कुठून, कसं आणि कशासाठी बाहेर पडलं हे चालत चालत दाखवायचं. म्हणजे जी वस्तू आज जवळजवळ शिल्लकच नाही, ती दाखवायची. पहिले दोन तास हे काम फार छान जमलं आहे. शेवटच्या तासात मात्र एक मोठी गोष्ट राहून जाते, आणि ती राहायला नको होती. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी व्यवहाराचं. फेरी सकाळी साडेसातला हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या फाटकाशी, टाऊन हॉलच्या तीस पायऱ्यांसमोर सुरू होते आणि सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात संपते. अंतर साधारण चार किलोमीटर, वेळ तीन तास. माणशी ८०० रुपये, गट पंधराच्या आत. मराठी फेरी महिन्यातून दोनदा, बाकी इंग्रजी. मराठीतलीच घ्या. कोट, खंदक, बुरूज, मोर्चा हे शब्द आपल्याला गडकिल्ल्यांमुळे तोंडपाठ असतात, त्यामुळे तटाचं गणित मराठीत पटकन समजतं.

सुरुवातीला प्रत्येकाला दोन कागद मिळतात आणि फेरीच्या फीमधला निम्मा पैसा तिथेच वसूल होतो. एक आजचा नकाशा. दुसरा पारदर्शक कागद, त्यावर तट, खंदक आणि तीन दरवाजे फक्त लाल रेषेने काढलेले. पारदर्शक कागद नकाशावर ठेवायचा आणि दोन ठिपके जुळवायचे: सेंट थॉमस कॅथेड्रल आणि टाऊन हॉल. कॅथेड्रल १७१८ चं, टाऊन हॉल १८३३ चा, म्हणजे दोन्ही तट उभा असतानाच्या इमारती, आणि दोन्ही आजही जागेवर आहेत. ते जुळले की बाकीची रेष आपोआप बसते आणि बुरुजांची टोकं आजच्या टॅक्सी स्टँडवर, बस थांब्यावर, बँकेच्या दारात येऊन पडतात. एकच ठिपका जुळवून कागद फिरवला तर रेष शे-दीडशे मीटर चुकते आणि पुढचं सगळं चुकीचं दिसतं. गटात दोघातिघांचं हमखास असं होतं. गाईडने पहिल्या थांब्यावर प्रत्येकाचा कागद स्वतः तपासायला हवा. वाऱ्याला कागद उडतो, म्हणून दोन छोट्या क्लिपा सोबत ठेवा. त्या मिळत नाहीत.

बागेतून कॅथेड्रलकडे जाताना मैलाच्या दगडांची माहिती मिळते. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांची अंतरं या चर्चपासून मोजत, आणि 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असं कोरलेले दगड दादरपर्यंतच्या रस्त्यांवर अजून सापडतात. शहराची वाढ मोजायला याहून चांगली फूटपट्टी नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्यामुळे आत जाता येत नाही. हे बुकिंग करतानाच सांगायला हवं. ज्यांना आतले जुने स्मृतिलेख बघायचे आहेत त्यांनी शनिवारची फेरी घ्यावी.

तिथून वीर नरिमन रोडने पश्चिमेकडे. हा जुना चर्चगेट स्ट्रीट. कोटाला तीन मोठे दरवाजे होते: उत्तरेला बझार गेट, दक्षिणेला अपोलो गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्चकडे जाणारा म्हणून चर्च गेट. अपोलो हे नाव ग्रीक देवाचं नव्हे, आपल्या 'पालव' या शब्दावरून आलेलं मानतात. जुनी माणसं अपोलो बंदराला पालवा बंदर म्हणत. हा खुलासा गाईड करतो आणि तो करायलाच हवा.

चर्च गेट जिथे होता तिथे आज फ्लोरा फाउंटन आहे. फेरीतला सगळ्यात महत्त्वाचा थांबा हाच, आणि इथे गाईड पुरेसा वेळ देतो. कारंजं १८६४ चं. ते आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरलं होतं, पण तट पडला आणि मोकळ्या झालेल्या दरवाजाच्या जागी ते उभं राहिलं. शेजारी मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २०१७ मध्ये कारंज्याच्या दुरुस्तीत खोदकाम झालं तेव्हा जमिनीतून ट्रामचे जुने रूळ निघाले. म्हणजे एकाच चौकात दरवाजा, कारंजं, ट्राम, हुतात्मा स्मारक आणि आता खाली मेट्रो. दरवाजाच्या जागेवरच्या मेट्रो स्टेशनचं नाव हुतात्मा चौक आहे, आणि चर्चगेट हे नाव ज्या रेल्वे स्टेशनला चिकटलं ते इथून सात-आठ मिनिटांच्या चालीवर, तटाच्या चांगलं बाहेर आहे. कागद जुळवलेला असेल तर हे आपलं आपल्यालाच दिसतं. 'चर्चगेट स्टेशनच्या जागी दरवाजा होता' असं सांगणारे गाईड शहरात पुष्कळ आहेत. या फेरीत ती चूक होत नाही.

तट का पाडला, याचं उत्तर इथे दिलं जातं आणि ते नीट आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईकर व्यापारी इतके धास्तावले की तटाभोवती खंदक खणायला त्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. म्हणजे खंदक मराठ्यांच्या भीतीने खणला गेला. पुढे १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि ती भीतीही गेली. नव्या तोफांपुढे जुना तट निरुपयोगी झाला. आत दाटी, खंदकात घाण, दरवाजांच्या बोळात गाड्यांची कोंडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. रेल्वे तटाच्या तोंडाशी येऊन ठेपली, आणि माल मात्र दरवाजातूनच आत न्यायचा. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि तट पाडायचं त्यांनी ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाचे भाव चढले. शहरात पैसा होता, तट पाडून मोकळी होणारी जमीन विकत घ्यायला गिऱ्हाईकही होतं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. तोवर तट गेला होता. हे सगळं दहा मिनिटांत, गोष्ट न रेंगाळता सांगितलं जातं. गाईडने एक उतारा जोडावा असं सुचवावंसं वाटतं: गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ चं आहे, म्हणजे ऐन पाडापाडीच्या दिवसांतलं, आणि मराठीत आहे. मराठी फेरीत ते हातात हवंच.

चौकातून क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिका बेहराम विहीर. १७२५ ची, म्हणजे तीनशे वर्षांची, आणि समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोड. कोटाबाहेरच्या माळावर वाटसरूंना आणि जनावरांना पाणी मिळावं म्हणून एका पारशी गृहस्थाने ती बांधली. आज पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, तशी पाटी आहे. बाहेरूनच बघा आणि आत प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढू नका. थांबा पाच मिनिटांचा आहे, पण कोटाबाहेर पाणी कुठे होतं हे कळल्याशिवाय वस्ती कुठे गेली हे कळत नाही.

यानंतर ओव्हल, आणि फेरीतली खरी शहाणपणाची गोष्ट इथे येते. तटासमोर तोफेच्या माऱ्यात शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून इंग्रजांनी मोठा पट्टा मोकळा ठेवला होता. त्याला एस्प्लनेड म्हणत. तिथे पक्कं बांधकाम करायला मनाई. उन्हाळ्यात गोरे लोक तंबू आणि तात्पुरते बंगले ठोकून राहत आणि पावसाळ्याआधी ते मोडत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच पट्ट्याची चार तुकडे झालेली जमीन आहे. दगडाचा तट गेला, त्याच्यासमोरची मोकळी जागा राहिली. मैदानाच्या मधोमध उभं राहून हे ऐकताना रोज लोकलमधून उतरून ओव्हल ओलांडणाऱ्या माणसालाही ते मैदान नव्याने दिसतं. एवढ्या एका समजेसाठी ही फेरी करावी.

ओव्हलवर पाऊण तास मिळतो आणि तो पुरतो. पूर्वेला ओळीने जुनं सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत. सगळ्या १८७० च्या दशकातल्या, आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण तेव्हा समोर समुद्र होता. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, ज्या त्याच समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीच्या बाजूने उभ्या राहिल्या. म्हणजे शहर दोनदा बाहेर पडलं: एकदा तट ओलांडून, एकदा किनारा ओलांडून, आणि दोन्ही वेळची मुंबई या मैदानाच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या ९४ इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटलं ते याच जोडीसाठी. पश्चिमेच्या एका इमारतीचं नावच 'कोर्ट व्ह्यू' आहे. बॅकबेच्या, म्हणजे याच समुद्राच्या, भरणीतला गैरकारभार ज्यांनी चव्हाट्यावर आणला ते के. एफ. नरिमन, आणि जुन्या दरवाजातून भरणीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे, हेही गाईड इथे जोडून दाखवतो.

राजाबाई टॉवरसाठी दुर्बीण घेऊन जा. आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण चालते. टॉवर २८० फूट उंच. गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा लंडनमध्ये बसून केला, ते मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, दोन लाख लायब्ररीला आणि दोन लाख टॉवरला, आईचं नाव देऊन. पण वरच्या कोनाड्यांकडे नीट बघा. तिथे उभ्या असलेल्या मूर्ती संतांच्या किंवा राजांच्या नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसं आहेत, आपापल्या पगडी-पागोट्यांसकट, आणि त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इंजिनिअरने घडवले. साध्या डोळ्यांनी खालून फक्त ठिपके दिसतात. दुर्बिणीतून पागोट्याची घडी कळते, अंगरखा कळतो, एकाचा हात कमरेवर आहे हेही कळतं. गटात एकच दुर्बीण असल्याने प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं आणि ते कमी आहे. टॉवरवर चढता येत नाही आणि विद्यापीठाच्या आवारातही ऐनवेळी सोडतीलच असं नाही, तेव्हा मैदानातूनच बघून घ्या. सकाळी आठ-साडेआठला सूर्य टॉवरच्या मागे असतो, पश्चिमेकडचा दर्शनी भाग सावलीत राहतो. ज्यांना फोटो हवे आहेत त्यांनी संध्याकाळी चारनंतर पुन्हा यावं. उलट आर्ट डेकोच्या बाजूला सकाळचं ऊन थेट पडतं. कोपऱ्यावरून वळवलेले छज्जे, भिंतीवरच्या आडव्या पट्ट्या, रंगीत अक्षरांतली इमारतींची नावं यांचे फोटो याच वेळी चांगले येतात. मैदानात रविवारी एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. मधल्या पायवाटेवरूनच चला आणि थांबायचं तर कडेला. लेदरचा चेंडू लागतो.

काळा घोड्याचा टप्पा घाईत उरकला जातो, आणि ते ठीक आहे, कारण त्या भागावर स्वतंत्र फेऱ्या आहेत. के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. इंग्लंडमध्ये लोखंडी सांगाडा बनवून जहाजाने आणलेलं वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ ला हिंदुस्थानातलं पहिलं चलच्चित्र दाखवलं गेलं, त्याची आजची अवस्था बघवत नाही. समोरच्या फुटपाथवरूनच बघा, खाली उभे राहू नका.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने उत्तरेकडे चालताना फेरी ढिली पडते. हा रस्ता तटाच्या आतल्या अंगाने गेलेला जुना हॉर्नबी रोड. तट गेल्यावर तो रुंद झाला आणि दुकानांपुढे कमानीखालची सलग पडवी आली. त्या पडवीत साडेनऊनंतर फेरीवाल्यांची मांडणी सुरू होते, पंधरा जणांचा गट लांबतो, गाईडच्या छोट्या स्पीकरचा आवाज मागच्या पाचांना ऐकू येत नाही. उपाय सोपा आहे: या रस्त्यावर काही सांगूच नये, सगळं आधी हुतात्मा चौकात सांगून ठेवावं आणि इथे फक्त चालावं. पाणी आणि स्वच्छतागृहाची सोयही याच टप्प्यात लागते. ओव्हलहून निघताना चर्चगेट स्टेशनवर जाऊन यावं, कारण पुढे सीएसएमटीपर्यंत भरवशाची जागा नाही. ज्येष्ठ मंडळी असतील तर हे आधीच ठरवा.

सीएसएमटी स्टीव्हन्स यांनी बांधलं, काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं त्याहून जास्त इथे मिळत नाही. शेवटचा थांबा मात्र विसरण्यासारखा नाही. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात, पी. डिमेलो रोडच्या बाजूला, १७६९ च्या फोर्ट जॉर्जचा तुकडा उभा आहे. राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय तिथेच आहे. तीन तास पारदर्शक कागदावर जी लाल रेष पाहिली तिच्या जातीचा खराखुरा काळा दगड इथे हात लावून बघता येतो. भिंतीची जाडी बघा, आणि मग आपण आलो त्या दिशेला एवढी जाड भिंत हुतात्मा चौकापलीकडे जात होती असं मनात धरा. हॉस्पिटल आहे, रुग्णांचे नातेवाईक बाहेर बसलेले असतात. आवाज करू नका, स्पीकर बंद ठेवायला गाईडला सांगा.

आता जे राहिलं ते. फेरीचं नाव कोटाबाहेरची मुंबई, आणि फेरी दाखवते ती सरकारने कोटाबाहेर बांधलेली मुंबई. पण माणसं त्याच्या साठ वर्षं आधी बाहेर पडली होती. १७ फेब्रुवारी १८०३ ला कोटातल्या बाजाराला आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर सरकारने एस्प्लनेड आणखी मोकळं केलं आणि लोकांना पलीकडे घरं बांधायला लावलं. हा माळ ओलांडून पलीकडे जे शहर वाढलं ते बाहेरकोट: काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी, गिरगाव. मुंबई तटाला लागून सलग का वाढली नाही, मधे मैदानं टाकून एकदम उत्तरेला का उडी मारली, याचं उत्तर त्या आगीत आणि त्या माळात आहे. ओव्हलवर गाईडने ज्या तोफेच्या पट्ट्याबद्दल इतकं छान सांगितलं त्याच गोष्टीचा हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि त्याला फेरीत दोन वाक्यं मिळतात. नाना शंकरशेटांचा वाडा गिरगावात होता. रेल्वे मुंबईत यावी म्हणून झटणाऱ्यांत ते होते आणि पहिल्या गाडीत बसले होते. त्यांचं नाव तीन तासांत एकदाही येत नाही. मराठी फेरीत ही उणीव जास्त खुपते.

वेळ नाही हे कारण पटत नाही. काळा घोडा गाळला तर अर्धा तास आणि किलोमीटरभर चाल वाचते. तेवढ्यात सीएसएमटीपासून महात्मा फुले मंडईपर्यंत जाऊन येता येतं.

फेरी घेतलीत तर तुम्ही हे स्वतः करा. साडेदहाला गट सुटला की भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून उत्तरेकडे दहा मिनिटं चाला. डावीकडे जे. जे. कला महाविद्यालयाचं आवार, पुढे मंडई, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं. पारदर्शक कागद पुन्हा काढा आणि लाल रेषेपासून मंडईपर्यंतचं अंतर बघा. गोऱ्यांच्या कोटाला आणि देशी वस्तीला जोडणाऱ्या सांध्यावर ती बसवली आहे. प्रवेशद्वारावरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यावरून केलेली. शेतकरी, हमाल, धान्य, फळं. दर्शनी भाग बघून झाला की मंडईच्या पलीकडच्या अंगाला या. तिथून पुढे रस्ते एकदम अरुंद होतात, इमारती एकमेकींना टेकतात, दुकानांच्या वर माणसं राहतात. मैदान संपून बाहेरकोट सुरू झाल्याची ही खूण नकाशाशिवायही कळते. रविवारी मंडईतले बरेच गाळे बंद असतात, म्हणून या तुकड्यासाठी शनिवार बरा. परतीला मध्य रेल्वेने जायचं असेल तर रविवारचा मेगाब्लॉक निघण्यापूर्वी बघून ठेवा.

पावसाळ्यात फेरी घेऊ नका. ओव्हलची पायवाट चिखलाची होते आणि पारदर्शक कागदावर पाणी साचलं की लाल रेष दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पारदर्शक कागद परत द्यावा लागत नाही, तो जपून ठेवा.